नागनाथचा टाका

व्यंकटरावांची जीप चिखलात रुतली की गावातून बैलजोडी जायची. बैलांनी जीप ओढून काढली की बांधावरचे लोक तोंड फिरवून हसायचे. मोठ्या माणसाच्या तोंडावर हसता येत नाही, म्हणून तोंड फिरवायचं, एवढंच. व्यंकटरावांना ते दिसायचं. त्यांचं रान गोदावरीच्या काठाला. तिथली काळी माती एकदा भिजली की पायातली चप्पल सोडत नाही, तिथं जीपचं काय घेऊन बसलात.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते सोनपेठला माझ्या गॅरेजवर आले. म्हणाले, "मुंजाजी, चारी चाकं वढली पायजेत. काय बी कर."

मी लोहाराचा. बापानं भाता ओढला, मी पाना धरला. लोखंडातलं म्हणाल ते करून देतो, याची मला घमेंडही होती. जीप जुनी, मूळची मागच्या दोनच चाकांवर ओढणारी, आणि तिच्यात कुणीतरी डिझेल इंजिन कोंबलेलं. मिलिटरीच्या भंगारातून मी पुढचा आख्खा अ‍ॅक्सल आणला, त्याला लागणारा गिअरबॉक्स आणला, बसवला. काम अडलं ते दांड्यापाशी. पुढची चाकं जोडायला हाताचा दांडा असतो, त्याची जागा त्या इंजिनानं खाऊन टाकली होती. शिवाय व्यंकटरावांची गाडी चालवायची रीत मला ठाऊक होती. रुतल्याशिवाय त्यांनी दांडा ओढला नसता आणि सडक लागल्यावर परत ढकलला नसता. चारी चाकं जोडलेली ठेवून कोरड्या डांबरीवर पळवलं की गिअरचे दात जातात, आणि मग शिव्या मला.

म्हणून मी समोरच्या दुकानात नागनाथकडे गेलो. नागनाथचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. तो व्यंकटरावांच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, आयटीआय शिकलेला. बोलायला कमी आणि कामाला कडक. त्याचा सोल्डरचा टाका बघण्यासारखा असायचा. तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत. पक्कडीनं ओढून बघा, तार तुटेल पण टाका सुटणार नाही. त्यानं केलेला रेडिओ दुरुस्तीला परत आलेला मी सहा वर्षांत एकदा पाहिला, आणि त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडला नव्हता.

त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दांडा कशाला पायजे? मागची चाकं घसरायला लागली हे गाडीलाच कळलं पायजे."

दोन महिने तो त्या कामात गढलेला होता. जुने स्पीकर फोडून त्यातले चुंबक त्यानं पुढची आणि मागची चाकं फिरवणाऱ्या दोन्ही शाफ्टना बसवले, शेजारी तारेची वेटोळी ठेवली. मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा जोरात फिरला म्हणजे चाक घसरलं, हे वेटोळ्यांकडून डब्याला कळणार. डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत ट्रान्झिस्टर आणि रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट होणारी बटणं. आतलं तापू नये म्हणून झाकणाला भोकं पाडलेली. डब्यानं हुकूम दिला की वायपरची एक मोटर गिअर सरकवणार. लाल दिवा लागला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, हिरवा लागला की चारी चाकं जोडली असं समजून दाबायचा. व्यंकटरावांनाही जमेल इतकं सोपं.

ती सालं कशी होती ते सांगायला हवं. विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं दहा वर्षं भिजत पडलं होतं. अठ्ठ्याहत्तरला त्यावरून गावोगाव जाळपोळ झाली, तेव्हा नागनाथच्या मामाचं घर जळालं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि यालाच मी दोस्ती समजत होतो.

भादव्यात आम्ही जीप काळ्या रानात घातली. लाल लागला, व्यंकटरावांनी पाय काढला, खाली खट्‌ झालं, हिरवा लागला. जीप चिखल उडवत बांधावर चढली. व्यंकटराव खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नागनाथ, डोकं हाय गड्या तुझ्यात." बांधावरच्या एकालाही तोंड फिरवायची गरज पडली नाही.

परत येताना नागनाथ नेहमीपेक्षा जास्त बोलला. "मुंजा, ही जीप एक दिवाळीपस्तोर नीट चालू दे. मंग ऊसवाल्यांच्या सगळ्या जीपा आपल्याकडं येतेत. लोक म्हनतेन, हे नागनाथनं केलंय." त्याला दुसरं काही नको होतं. त्याच्या हाताचं काम त्याच्या नावानं ओळखलं जावं, एवढंच.

दसऱ्याला व्यंकटरावांनी गाडीची पूजा ठेवली. नागनाथ नव्हता. दसऱ्याला तो दरसाल नागपूरला, दीक्षाभूमीला जातो. जाताना मला म्हणाला होता, "डब्याला पानी लागू देऊ नको."

मी आहे म्हटल्यावर फिकीर कसली, असं मी त्याला बोललो होतो.

व्यंकटरावांच्या आई कस्तुराबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. सत्तरीची, वाकलेली, मायाळू म्हातारी. माझ्या बायकोच्या बाळंतपणात तिनं डिंकाचे लाडू पाठवले होते. चाकांना हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग तिचं लक्ष पुढच्या सीटखालच्या डब्याकडे गेलं.

"ह्ये काय हाय रं?"

मी म्हणालो, "माय, त्यानंच चारी चाकं चालतेत. नागनाथनं केलंय."

 म्हातारी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तांब्यात काय आहे ते वासावरून कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाण वाटल्याचंही काही नव्हतं. अंगण सारवावं तशी ती वाकली आणि तिनं गोमूत्र डब्यावर शिंपडलं. शिंपडलं कसलं, अर्धा तांब्याच कलंडला. वरून चिमूटभर कुंकू टाकलं. झाकणाच्या भोकांतून ते आत जाताना मी पाहिलं.

मी काय केलं? हात जोडून उभा होतो. पूजेच्या मध्ये, भरल्या दारात, त्या माउलीला 'थांबा' कसं म्हणायचं, असं मला वाटलं. नंतर पुसून घेऊ, असंही वाटलं. मग जेवायला बसलो, पुरणपोळीवर तूप वाढलं गेलं, आणि मी विसरलो. विसरलो असं मी इतकी वर्षं म्हणतो.

दुपारी परतीचा पाऊस पडून गेला. संध्याकाळी व्यंकटराव सीमोल्लंघनाला एकटेच जीप घेऊन निघाले. नाल्याच्या चढावर मागची चाकं घसरली. लाल लागला, त्यांनी पाय काढला. लगेच हिरवा लागला, त्यांनी दाबून रेस दिली. पण खाली काहीच जोडलं नव्हतं. डबा खोटं बोलला होता. जीप मागं घसरत गेली आणि नाल्यात आडवी झाली. व्यंकटरावांचा उजवा हात कोपरापाशी मोडला. जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढायला गेलो तेव्हा पारावर बोलणं चाललं होतं. आश्रुबा म्हणून व्यंकटरावांचा भावकीतला माणूस, तो सगळ्यांत पुढं. "मुद्दाम केलंय त्यानं. नामांतर देत न्हाई म्हनून डूख धरलाय. आन् बरोबर त्याच दिवशी आपन नागपूरला जाऊन बसला. येऊ द्या त्याला. वस्तीलाच इचारू." चारपाच माना हलल्या. अठ्ठ्याहत्तरलाही अशाच माना हलल्या असतील, असं माझ्या मनात आलं.

डबा मी गॅरेजवर आणून उघडला. आत लाल चिखल झालेला. रिलेच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं, आणि वास असा की कुणालाही विचारायची गरज नव्हती. ओल लागून वीज भलत्याच वाटेनं गेली आणि दिवा खोटा लागला, हे माझ्यासारख्या लोहारालाही कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, तोच डबा तसाच उचलून व्यंकटरावांपुढं ठेवायचा. मलाही तसंच वाटलं, घटकाभर. पण हात मोडून पडलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुमची आई विटाळ काढायला गेली आणि तिनं तुम्हाला नाल्यात पाडलं? आणि ते सांगणारा मी, त्या घरच्या ट्रॅक्टरवर ज्याचं गॅरेज चालतं. दुसरीकडे नागनाथ. त्याच्यावरचा घातपाताचा आळ तर उठवायलाच हवा होता. सापही मरावा आणि काठीही तुटू नये, असं काहीतरी मला हवं होतं, आणि ते मला सापडलं.

मी डबा पेट्रोलनं धुतला. दात घासायच्या ब्रशनं कोपरा न् कोपरा घासला. वास गेला, कुंकू गेलं. मग एक तार सुटलेली दाखवायची म्हणून पक्कडीनं ओढली. सुटेना. दुसरी ओढली, ती मधेच तुटली, टाका तिथंच. शेवटी मी नागनाथच्या दुकानाची किल्ली घेतली, ती माझ्याकडेच असायची, त्याचीच सोल्डरची इस्त्री तापवली आणि त्याचा टाका वितळवून तार मोकळी केली. दुपारच्या उजेडात, शांतपणे केलं हे सगळं.

नागनाथला नागपूरहून येताना वाटेतच निरोप मिळाला आणि तो थेट गावातच आला. व्यंकटराव ओसरीवर हात गळ्यात बांधून बसलेले. आश्रुबा आणि आणखी पाचसहा जण दारात. मी डबा घेऊन. नागनाथच्या खांद्याला अजून प्रवासाची पिशवी होती. त्याच्याशी दोन शब्द आधी बोलावेत म्हणून मी फाट्यावर जायला हवं होतं. गेलो नाही.

व्यंकटराव म्हणाले, "मुंजाजी, तू उघडून पाह्यलास. खरं काय ते सांग."

"मालक, मुद्दाम काय बी न्हाई. टाका कच्चा राह्यला व्हता. तार सुटली, म्हनून दिवा चुकीचा लागला."

दारातली माणसं जरा सैल झाली. मला माझंच कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. नागनाथनं हात पुढं केला, मी डबा दिला. त्यानं झाकण काढलं. सुटलेल्या तारेवर बोट फिरवलं. मग डबा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. त्याच्या छातीवरच्या पंचशीलाच्या बिल्ल्याकडे बघत मी उभा होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात कस्तुराबाई आतून आल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "मुंजाजी, खरं सांग लेकरा. म्या शिंपलं, त्यानं तर न्हाई ना झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्यंकटरावही. म्हातारी विचारत होती, स्वतःच्या तोंडानं विचारत होती. 'हो माय' एवढंच म्हणायचं होतं. ती रडली असती, व्यंकटराव गप्प बसले असते, आणि आश्रुबाला तोंड उरलं नसतं.

मी म्हणालो, "न्हाई माय. देवाच्या पान्यानं कुठं काय व्हतं का?"

म्हातारीनं सुटकेचा श्वास सोडला आणि आत गेली. नागनाथनं झाकण लावलं. "मालक," तो म्हणाला, "टाका कच्चाच व्हता." बास, एवढंच.

व्यंकटराव मोठ्या मनाचे झाले. म्हणाले, "चुकतं मानसाचं. मुद्दाम न्हाई केलं, लय झालं. मुंजाजी, तू आपला हातानं वढायचा दांडा बसव कसातरी. नको ते डबेबिबे."

आम्ही पायी फाट्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत मीच बोललो. "नागनाथ, तुझ्यासाठीच केलं गड्या. ते लोक वस्तीवर जायच्या बेतात व्हते. मुद्दाम केलं म्हनत व्हते."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"मंग?"

तो थांबला. पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली. "मुद्दाम केलं म्हनले असते, तर मारलं असतं. पन नागनाथला काम येतं, येवढं तरी धरूनच मारलं असतं. तू ते बी ठिवलं न्हाईस."

एसटी आली. तो पुढच्या दारानं चढला, मी मागच्या. गर्दी नव्हती, तरी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो नाही.

दिवाळीपर्यंत त्याच्या दुकानात येणारे रेडिओ कमी झाले. ज्याच्या टाक्यानं व्यंकटरावांचा हात मोडला त्याच्याकडे कोण जाणार? संक्रांतीच्या सुमाराला त्यानं दुकान बंद केलं आणि औरंगाबादला कुठल्याशा कारखान्यात लागला. मी चार जीपांना पुढचे अ‍ॅक्सल बसवले, सगळ्यांना हातानं ओढायचे दांडे. माझं नाव झालं.

या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीवर दिवे लागले, मीही पेढा खाल्ला. नागनाथ आला असेल म्हणून दोनदा जाऊन आलो. आला नव्हता.

परवा एक तरुण गिऱ्हाईक ट्रॅक्टरचा दिवा जोडायला आलं. मी इस्त्री तापवत होतो तर म्हणालं, "मामा, पक्कं करा बरं का. नागनाथचा टाका नको." इकडं आता कुठल्याही कच्च्या कामाला तसं म्हणतात. नागनाथ कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या टाक्याचं खरं काय झालं ते सांगू शकेल असा सोनपेठात मी एकटाच उरलो आहे.

मी म्हणालो, "न्हाई रे, पक्का देतो."