भरायचे राहिलेले बारा पीस

पांढुर्ण्याच्या केशवरावांच्या बँडमध्ये सुखदेव सोळा वर्षं सॅक्सोफोन वाजवत होता. वरात चौकात येऊन नवरदेवाचे दोस्त नाचून दमले की केशवराव हात वर करून ढोल-ट्रम्पेट थांबवत आणि सुखदेवकडे बघत. मग तो एकटाच एखादं संथ गाणं वाजवायचा. ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबत, नवरदेवाची घोडीसुद्धा जरा शांत उभी राहायची, असं केशवराव सगळ्यांना सांगत. लग्न ठरवायला आलेले लोक आधी विचारत, ‘तो काळा सॅक्सोफोनवाला येईल ना?’

एक्क्याऐंशी साली सौंसरच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक चष्मेवाले गृहस्थ त्याच्याशेजारी येऊन बसले. दत्तात्रय त्यांचं नाव, सौंसरच्या शाळेत मास्तर. दोन कडव्यांमधला सॅक्सोफोनचा पीस बाकीचे बँडवाले गाळतात, तुम्ही तो पुरा वाजवलात, असं ते म्हणाले. सुखदेवला जेवण सुचेना. सोळा वर्षांत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

तेव्हापासून पावसाळ्यात लग्नं नसली की सुखदेव रविवारी सकाळच्या बसने सौंसरला जायचा. दत्तात्रय गुरुजींकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि एक शाळेची वही होती. वहीत त्यांनी आपल्या आवडीचे सॅक्सोफोनचे बारा पीस लिहून ठेवले होते. नऊ सिनेमाच्या गाण्यांतले होते. कुठे अठरा सेकंद, कुठे वीस. गाणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर छापलेलं, पण ज्याच्यामुळे गुरुजी ते गाणं पुन्हापुन्हा लावत, त्याचं नाव कुठेच नाही. याचा त्यांना फार राग होता. उरलेले तीन एका जॅझच्या रेकॉर्डवरचे. ती त्यांनी नागपूरला जुन्या बाजारात घेतली होती. तिच्या पाकिटावर सॅक्सोफोन धरलेल्या माणसाचा मोठा फोटो होता. सुखदेवने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, हा गाते का? गुरुजी म्हणाले, गात नाही, फक्त वाजवतो. सुखदेव ते पाकीट मांडीवर घेऊन रेकॉर्ड संपेपर्यंत बसून राहिला.

तीन पावसाळ्यांत त्याने बाराही पीस कानाने उचलले. जॅझचे सर्वांत कठीण. त्यातला माणूस सूर सरळ धरतच नसे, बोलता बोलता घसा दाटून यावा तसा तो मध्येच सैल सोडायचा. सुखदेवला ते जमलं तेव्हा गुरुजींच्या पत्नी सरलाबाई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

चौऱ्याऐंशीत गुरुजींनी टेपरेकॉर्डर घेतला. एका कॅसेटवर बाराही पीस सुखदेवच्या हातचे भरायचे आणि पाकिटावर त्याचं नाव लिहायचं, असं त्यांच्या मनात होतं. सुखदेव म्हणाला, “पत्ती नरम पडून राहिली, गुरुजी. नवी आणतो, मंग भरू.” सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची नवी पत्ती आली तर लग्नं सुरू झाली. लग्नं संपली तर खोकला झाला. पुढच्या वर्षीही असंच झालं. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची. वरातीत वाजवलेलं हवेत विरून जायचं. कॅसेटवरचं राहणार होतं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत एके सकाळी तो नळावर तोंड धुवायला बसला. चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. पुन्हा भरली, पुन्हा गळालं. त्याची बायको चंद्रकला चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं. त्याचा अर्धा चेहरा ओघळला होता. डावा डोळा मिटत नव्हता.

डॉक्टरांनी चेहऱ्याचा लकवा सांगितला. इंजेक्शनं दिली, बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत बरं वाटतं म्हणाले, आणि रोज फुगे फुगवायला लावले. बेचाळीस वर्षांचा सुखदेव दाराआड बसून फुगे फुगवायचा. ओठाच्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा जायची. केशवराव शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन त्याच्या नावाने नारळ फोडून आले. सुखदेवच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते, तो कधी मंदिरात गेला नव्हता. पण केशवराव आठ कोस जाऊन आले होते, म्हणून त्याने तो प्रसाद त्यांच्यासमोर खाल्ला.

डोळा जरासा मिटू लागला. ओठ तसाच राहिला. पावसाळाभर त्याने सॅक्सोफोन तोंडाला लावून पाहिला. कोपरा बोटाने दाबून धरला, तर कळा दाबायला हात उरेना. चंद्रकलाने गालावरून फडकं घट्ट बांधून दिलं, तरी सुराऐवजी हवा आणि लाळच यायची. नव्या सिझनला केशवरावांनी नागपूरचा दिलीप आणला आणि सुखदेवच्या हातात खुळखुळे दिले. ते त्यांनी दयेने दिले होते, हे सुखदेवला कळत होतं. दिलीप मधले पीस गाळायचा. कोणी तक्रार केली नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुखदेवला आठवलं, बोरगावच्या नत्थूजींच्या मुलीच्या, रजनीच्या लग्नात मांडवाच्या खांबाला कोणीतरी टेपरेकॉर्डर टांगला होता. ते लग्न चौऱ्याऐंशीचं. त्याने गुरुजींना पत्र टाकलं. गुरुजी कोरी कॅसेट आणि आपला टेपरेकॉर्डर घेऊन सौंसरच्या बसस्टँडवर त्याची वाट पाहत उभे होते. बोरगावपर्यंत ते एकसारखे बोलत होते. एक पीस सापडला तरी पुरे, म्हणत होते.

नत्थूजींनी आगतस्वागत केलं, चहा दिला, रुमालात गुंडाळलेली कॅसेट कपाटातून काढली. तिघं ऐकत बसले. मंगलाष्टकं झाली. कोणी कोणाला काय आहेर केला ते झालं. मग बँड, लांबून. ढोल थांबला. आणि सॅक्सोफोन सुरू झाला, वहीतला सातवा पीस. माईकजवळ कोणीतरी ‘मठ्ठा इकडे आणा’ म्हणून ओरडत होतं, पण त्याच्यामागून सूर स्पष्ट ऐकू येत होता. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

पीस संपला. पुन्हा ढोल सुरू झाला.

“सुरेख,” गुरुजी म्हणाले. “नत्थूजी, जरा मागे घ्या. भरून घेतो.”

“राहू द्या,” सुखदेव म्हणाला.

“का?”

“लंबा सूर होता ना, वरचा. तिथं दम तुटला. अन् सूर उतरला.” बोलताना त्याने सवयीने तोंडाचा कोपरा फडक्याने पुसला. “मले वाटे, माह्याजवळ होतं अन् तोंडासंगं गेलं. तवाबी नव्हतं, गुरुजी.”

गुरुजींनी पुष्कळ समजावलं. चार तास उन्हात चालल्यावर कोणाचा दम तुटणार नाही, मांडवातल्या टेपवरून माणसाचं वाजवणं ठरवायचं नसतं, आपण शंभरदा जवळ बसून ऐकलं आहे. सगळं खरं होतं. सुखदेव मान हलवत राहिला. नत्थूजींना काही उमगेना. कॅसेट खराब निघाली का, असं त्यांनी विचारलं. गुरुजींनी तरी तो पीस भरून घेतलाच. तेवढा वेळ सुखदेव बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभा राहिला.

जूनमध्ये गुरुजींची छिंदवाड्याला बदली झाली.

दिवाळीनंतर सुखदेवने बँड सोडला आणि संत्र्यांच्या बाजारात पेट्या भरायचं काम धरलं. खाली गवत, मग संत्र्यांचा थर, मग गवत. सॅक्सोफोन केशवरावांनीच दिलीपसाठी ठेवून घेतला. चंद्रकलाला वाटलं होतं तो रडेल, पण त्याने नुसतं फडक्याने पितळ पुसून दिलं. बाजारातल्या माणसांना तो वाकड्या तोंडाचा सुखदेव म्हणूनच माहीत होता.

छिंदवाड्याहून गुरुजींची पत्रं येत. ओठात काही फरक आहे का, हे प्रत्येक पत्रात असायचं. सुखदेव पोस्टकार्डावर दोन ओळी लिहायचा: ‘आम्ही सर्व ठीक. तोंड तसंच आहे.’ तिसऱ्या वर्षी गुरुजींनी ते विचारणं बंद केलं. त्यानंतर सुखदेवला काय लिहावं ते सुचेना, आणि त्याने उत्तर पाठवलं नाही.