हरणाबाईचं ‘न्हाई’

येशूच्या आठवणीत मोडायच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचे गहू दोन बायांनी समोरासमोर बसून दळायचे, हा वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळीचा रिवाज. मिशनच्या साहेबाने घालून दिलेला नव्हे, बायांनी आपला आपण पाडलेला. पण गेली तीन वर्षं हरणाबाई एकटीच खुंटा ओढत होती. समोरची जागा शेजारच्या रंगूआक्काची. ती रिकामी.

गंजीच्या आडोशाला गं माझा बंधव निजला
कुणाच्या बोटानं बाई माझा दिवा विझला

एवढीच ओवी. पुढची तिला सुचत नव्हती आणि ही सोडवत नव्हती. वर्षातून दोनदा ती अशी दळायची, आणि प्रभुभोजन काही व्हायचं नाही. पीठ घरच्याच डब्यात जायचं.

कुंडलच्या पल्याड माळावर सात घरं आणि एक कौलारू प्रार्थनाघर, एवढीच ही मंडळी. बाप्तिस्मा घेतलेली माणसं तेवीस. पंधरा वर्षांमागे अमेरिकेहून आलेल्या ग्रेबरसाहेबाने ती जमवली. साहेबाच्या तोंडी तिचं नाव मेनोनाइट. गावाच्या तोंडी ‘होय-न्हाईवाले’. कारण ही माणसं शपथ घेत नसत. कोर्टात नाही, चावडीत नाही, भांडणातसुद्धा नाही. आहे ते होय, नाही ते नाही, त्यावर चकार शब्द नाही. आजूबाजूला घरटी एक गडी पलटणीत, आणि यांच्यातलं कुणी बंदुकीला हात लावायचं नाही. पारावर कुणी विचारायचं, “बंदूक न्हाई, शप्पथ न्हाई, मग करत्यात तरी काय रं ही?” दुसरा म्हणायचा, “खरं बोलत्यात गड्या, लय अवघड काम हाय!” आणि पार हसायचा.

आणखी एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी साहेब वही उघडून एकेकाला विचारायचा, देवाशी आणि माणसांशी तुमची शांती आहे काय? सगळ्यांनी ‘आहे’ म्हटलं तरच दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचं मेज मांडायचं. एकानेही ‘नाही’ म्हटलं की वही मिटायची.

पाच खेपा ती हरणाबाईपाशी मिटली होती.

“आज तरी व्हय म्हण,” आकाराम उंबऱ्यातून म्हणाला. नवरा असून तो हल्ली तिच्याशी जरा लांबूनच बोलायचा. “परवा साहेब स्टेशन गाठनार. पुन्ना काय यायचा न्हाई. म्हातारा मानूस, शेवटची भाकरी आपल्यात मोडून जाऊ दे की.”

“आन् पोटात न्हाई असलं तर?”

“एका शब्दाचं तर काम हाय.”

“त्याच एका शब्दापायी माझा भाऊ गेला,” ती म्हणाली आणि अर्धं दळण टाकून उठली. झाडलेलं अंगण तिने पुन्हा झाडलं. भरलेल्या घागरीवर घागर ओतली. पाणी पायांवरून वाहून गेलं तरी तिचं ध्यान नव्हतं.

सयाजी तिच्या पाठचा. मंडळीतला नव्हे, चळवळीतला. त्रेचाळीस साली पोलीस मागावर असताना तो बहिणीकडे आला आणि दोन घरांच्या मधल्या कडब्याच्या गंजीत शिरला. चार दिवस हरणाबाईने पदराखालून भाकरी पोचवली. शेजारच्या रंगूआक्काने पाहिलं, बोलली नाही. पाचव्या दिवशी हरणाबाई विहिरीवर गेली. घागर घेऊन परतली तेव्हा सयाजीचे हात मागे बांधलेले होते. केसांत कडब्याची पाती, आणि दारात रंगूआक्का उभी.

मंडळी म्हणाली, फौजदाराने विचारलं, रंगूबाई काय करील? आपल्यातलं माणूस खोटं कसं बोलेल? साहेबानेही उपदेशात सांगितलं की सत्य कधीकधी फार जड असतं. सयाजी तुरुंगात तापाने गेला. बाकीचे कैदी सुटले त्याच्या आधी आठ महिने.

तेव्हापासून एक प्रश्न हरणाबाईला बसू देत नव्हता. फौजदाराने मला विचारलं असतं तर? मी डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलले असते. मग मी या मंडळीची कशी? आणि ज्या देवाला माझ्या भावापेक्षा खरा शब्द प्यारा, तो माझा कसा?

दुपार कलताना प्रार्थनाघर भरलं. एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. साहेबाने वही उघडली. गडी झाले. अंबूबाई ‘आहे’ म्हणाली, बनुबाई ‘आहे’ म्हणाली.

“बहिणी हरणाबाई, देवाशी आणि माणसांशी तुमची शांती आहे काय?”

अंबूबाई मागून कुजबुजली, “म्हन की गं बये. गुडघं धरलं माझं.”

हरणाबाईने ओठ ओले केले. शब्द जिभेवर आला होता. ढकलला असता तर पडला असता.

“न्हाई,” ती म्हणाली.

साहेबाने चष्मा काढला. रंगूआक्काचा नवरा केरबा मंडळीचा वडील, म्हणजे तिचा पुढारी. तो ताडकन उठला. “आवं साहेब, किती दिस ह्ये? माझ्या बायकूनं खरं सांगितलं, ह्यो काय गुन्हा झाला? हिला वगळा आन् मांडा मेज!”

“मालक, खाली बसा.”

हरणाबाईच्या शेजारी रंगूआक्का उभी राहिली होती. “साहेब, वही मिटू नका. माझी पाळी राहिलीया. तीन वर्सं राहिलीया.”

मग कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. हरणाबाईच्या ‘नाही’पाशी वही मिटायची, आणि वहीत तिच्या खालचं नाव रंगूआक्काचं. तिला कधी उत्तर द्यावंच लागलं नव्हतं.

“शांती न्हाई,” रंगूआक्का म्हणाली. “फौजदारानं मला इचारलं, तुझ्या घरात कुनी हाय का? म्या न्हाई म्हनलं. खरंच न्हवतं घरात कुनी. त्यो वळला. पार बांधापातूर गेला.” तिने पदर मुठीत धरला. “तवा म्या हाक मारली. म्हनलं, गंजीत बघा.”

“आगं, पर का?” केरबा तिच्याकडे वळला.

“भ्याले हुते. चार रातीत डोळ्याला डोळा न्हाई. वाटलं, ह्यो उद्या फिरून यील, परवा यील. एकदाचं संपू दे. आन् तुमी सगळे म्हनलात, रंगूबाई खरं बोलली. म्या बी त्याच्यातच दडून बसले. पोराला गंजीतनं काढलं आन् मी शिरले.”

हरणाबाईला राग आला, सपाटून आला. पण आजवर तो पाखरासारखा कौलापासून आभाळापर्यंत आपटत फिरायचा. आज त्याला बसायला जागा मिळाली. इतकी वर्षं ती देवाशी भांडत होती. देवाने तर काही केलंच नव्हतं. समोर एक भ्यालेली बाई होती.

“दोन जणी,” साहेब हळूच म्हणाला आणि वही मिटली. “मी परवा जाईन. मेज तुमचं आहे. शांती होईल तेव्हा तुम्हीच मांडा.”

दिवस मावळायला हरणाबाई पुन्हा जात्याशी बसली. गहू राहिले होते आणि हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. दारात सावली पडली.

“शिव्या दे,” रंगूआक्का म्हणाली.

“दीन. लय दीन. आज एका दिसात सरायच्या न्हाईत त्या.”

“मग जाऊ?”

हरणाबाईने मूठभर गहू जात्याच्या तोंडात सोडले. “पीठ राहिलंय. देवाच्या मेजाचं न्हाई, घरचंच. बस.”

रंगूआक्का समोर बसली. तिने खुंट्याला हात लावला तो हरणाबाईच्या हातापासून बोटभर खाली. जातं फिरलं. हरणाबाईने जुनीच ओवी उचलली आणि गंजीपाशी, निजल्या भावापाशी येऊन ती थांबली.

जात्याची घरघर तेवढी चालू राहिली. मग समोरून, फाटक्या आवाजात, उरलेली ओळ आली.

माझ्याच बोटानं बाई तुझा दिवा विझला

हरणाबाईने वर पाहिलं नाही. पण हात थांबवला नाही, आणि खुंटाही सोडला नाही.