शुक्रवारची थाप

"खोटं!" जॅरड ओरडला. "पेलिकन दात घासत नाहीत, मिस!"

"कशावरून?" ग्लेनिस हॉकिंगने विचारलं.

"दातच नसतात त्यांना! धक्क्यावर येतात की रोज, चोच वासून!"

वर्ग खिदळला. वर्ग म्हणजे सहाच जण, पण पोर्ट लिंकनच्या त्या अख्ख्या शाळेत सगळ्यात जास्त दंगा ह्याच खोलीत. कुणाला अक्षरं लागायची नाहीत, कुणाच्या डोक्यात ऐकलेलं टिकायचं नाही, आणि जन्मभर सगळ्यांनी त्यांना एकच सांगितलेलं: तुला नाही कळायचं, आम्ही सांगतो ते ऐक. म्हणून तर ग्लेनिसने ही शुक्रवारची थाप काढली होती. बोलता बोलता ती एक थाप ठोकणार, पोरांनी पकडायची, आणि नुसतं 'खोटं' म्हणून भागायचं नाही, कशावरून ते सांगायचं. जिंकणाऱ्याला लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला केक, तिच्या हातचा.

वर्षभरात सगळ्यांनी एकेक तरी खाल्ला. एक टालिया वुकोविच सोडून. कुणी काहीही सांगो, टालियाचं आपलं एकच, "तुम्ही म्हणाल तसं." एका पोराने गोड बोलून तिचा फोन नेला, तरी ही म्हणे, "तो म्हणाला ना, आणून देईन." ग्लेनिसचा जीव तुटायचा हो. आता शाळा संपणार, ही मुलगी जगात जाणार, आणि जग काय फक्त शुक्रवारीच थापा मारतं?

नाताळच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस. जॅरड बोटांवरचं खोबरं चाटत होता. कुणीतरी विचारलं, "मिस, नाताळात तुमच्याकडे कोण?"

"माझा क्रेग येतोय ना, पर्थहून!" ग्लेनिस म्हणाली. मुलाबद्दल हे दरवर्षी म्हणायची, इतकं सहज की म्हणताना तिलाही खरं वाटायचं.

"खोटं," टालिया म्हणाली.

"ए येडे, आजची थाप झाली!" जॅरड म्हणाला.

"कशावरून?" सवयीने ग्लेनिसच्या तोंडून गेलंच.

टालिया शनिवारी मासळीच्या दुकानात काम करायची. "तुम्ही नाताळची कोळंबी सांगून ठेवलीत, मिस. अर्धा किलो. मुलं येणार असली की लोक खोका नेतात. अर्धा किलो प्रायर आजी नेतात, त्या एकट्या असतात. तुमची मागच्या वर्षी पण अर्धाच. मीच तोलली होती." मग ती एकदम घाबरली. "चुकलं का? तुम्ही म्हणाल तसं, मिस."

'क्रेगला कोळंबी चालत नाही.' एवढं म्हटलं की झालं, लाज राखली जाणार होती. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. टालिया तर मान डोलवायला तयारच बसलेली.

ग्लेनिसने डबा उघडला. संध्याकाळच्या चहाबरोबर खायला म्हणून तिने एक लॅमिंग्टन मागे ठेवला होता.

"बरोबर ओळखलंस," ती म्हणाली. "क्रेग येत नाहीये. बरीच वर्षं झाली, आला नाही."

कुणी हसलं नाही. टालियाने तिच्या हातून लॅमिंग्टन घेतला आणि अगदी हळूहळू खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

नाताळच्या आदल्या दिवशी मासळीच्या दुकानात ही गर्दी! मालक टोनी गल्ल्यावरूनच गरजला, "काय ग्लेनिस, क्रेग येतोय ना यंदा? टालिया, किलो कर गं मिसचं!"

टालियाच्या हातात कोळंबीने भरलेलं पातेलं. पण तिने ओतलं नाही. ती ग्लेनिसकडे बघत राहिली.

"नाही टोनी," ग्लेनिस म्हणाली. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "कुणी येत नाहीये. अर्धाच दे."

टालियाने तोललं. एक कोळंबी जास्त झाली, ती तिने उचलून परत ठेवली. वर बर्फ घातला, पिशवीला गाठ मारली.

ग्लेनिस भर उन्हातून घराकडे निघाली. बर्फ वितळत होता, आणि पिशवीचं पाणी थेंब थेंब तिच्या चपलेवर पडत होतं.