डायनॅमोखालचा थेंब

माझी मोटरसायकल ठेवायची खोली गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. त्या दिवसांत तिच्यासमोर सकाळपासून रांग असे. कोणी दुखरे गुडघे घेऊन येई, कोणी किरकिरं बाळ. आत माझी जुनीपुराणी गाडी उभी, इंजिनाखाली स्टीलचं ताट आणि ताटात काळपट तेलाचे थेंब. लोक त्यात बोट बुडवून कपाळाला लावत आणि हलक्या आवाजात म्हणत, "बाई रडतायत."

बाई म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत ती दवाखान्यात वारली.

ही गाडी आम्ही दोघांनी भंगारातून उचलून उभी केली होती. ती गेल्यावर मी कित्येक महिने खोलीचं दार उघडलं नाही. मग एकदा उघडलं. गाडीचा दिवा लागेना, डायनॅमो जळाला होता. दुसरा आणून बसवला आणि गाडी फिरवून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली थेंब पडला होता.

शेजारचा शिंपी डोकावला आणि म्हणाला, "वहिनींना चैन पडत नाहीये." दोन दिवसांत ही बातमी ऐकून मठातले अबोलबाबा आले. त्यांना हे नाव कोणी दिलं कोण जाणे, कारण त्यांचं तोंड मिटलेलं मी पाहिलं नाही. आल्या आल्या त्यांनी मला शेवटची गाडी कधी चालवली, थेंब कधी पडला, मध्ये किती दिवस कोरडं होतं, सगळं मायेने विचारून घेतलं. मीही सांगितलं. मग ते डोळे मिटून म्हणाले, "हे तेल नव्हे बाळा, हा जिवाचा पाझर. इंधन संपतं, इंजिन थकतं, आत्म्याला सर्व्हिसिंग लागत नाही."

त्यांची रीत अशी. संध्याकाळी बाईंना प्रश्न विचारायचा. सकाळी थेंब पडला तर 'हो', ताट कोरडं तर 'नाही'. काही प्रश्नांच्या वेळी ते मला इंजिन सुरू करायला लावत, "तिला जाग आणा." काही वेळा हात वर करत, "आज झोपू द्या तिला."

तुम्हाला हसू येईल. मला येत नव्हतं. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तिच्या चपला दाराशी तशाच होत्या. मी खोलीत स्टूल टाकून बसायचो, ताटात टप्प वाजायचं आणि मी बोलता बोलता थांबायचो. हो, बोलायचो तिच्याशी. 'आहेस का?' म्हणून विचारायचो, आणि थोड्या वेळाने टप्प.

एका संध्याकाळी बाबांनी प्रश्न काढला. बाईंना त्यांच्या मठात कायमचं राहायचं आहे का? इंजिन सुरू करायला लावलं. सकाळी ताटात तळं साचलं होतं. बाबांचा टेम्पो दाराशी लागला. मी किल्ली हातात धरून उभा होतो. गाडी गेली तर माझ्याकडे काही उरत नव्हतं. पण तिचीच इच्छा असेल तर मी कोण अडवणारा?

तेवढ्यात मेहुणी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने आधी माझं तोंड पाहिलं, मग ताट, मग इंजिनाखाली वाकून बराच वेळ पाहिलं. कोणत्या दिवशी इंजिन चाललं आणि कोणत्या दिवशी थेंब पडला, याची नीट चौकशी केली. मग पदर खोचला, फडक्याने सगळं कोरडं पुसलं आणि किक मारून इंजिन सुरू केलं.

"ताई," ती गाडीला म्हणाली, "हे बाबा लबाड आहेत ना?"

थोड्या वेळाने तिने इंजिन बंद केलं. टेम्पोवाल्याचा चहा संपायच्या आत थेंब पडला.

पहिल्यांदा शिंपी हसला, मग सगळेच. बाबा म्हणाले, बाई गोंधळल्या आहेत. मेहुणीने पुन्हा सगळं पुसलं आणि विनंती केली, आता इंजिनाला हात न लावता एक 'हो' मिळवून दाखवा. दुपारपर्यंत सगळे ताटाकडे बघत बसले. ताट कोरडंच. बाबांना दुसरीकडचं बोलावणं आठवलं आणि रिकामा टेम्पो वळला.

मग तिने डायनॅमो सोडवायला लावला. तो इंजिनाला टेकून बसतो, आतली एक लहान साखळी त्याला फिरवते. इंजिन चाललं की तेल तिथवर उडतं. जोडावर जाड कागदाचं पॅकिंग असतं, ते तेल अडवतं. माझं पॅकिंग अर्धं फाटलेलं होतं. इंजिन चाललं की तेल झिरपायचं, नाही चाललं की तळाशी पडून राहायचं. बाबांचा आत्मा तो एवढाच.

"भाऊजी, पॅकिंग कापलं कोणी?" तिने विचारलं.

"मीच."

"आणि आधी ताई असताना?"

पॅकिंग नेहमी तीच कापायची. इंजिनाच्या तोंडावर कागद ठेवून तेलकट अंगठा फिरवायची, कडांचा ठसा उमटायचा, त्या ठशावर कात्री. बसवताना दोन्ही बाजूंना ग्रीस. आणि माझ्या हातावर चापट, "आधी साखळी ताण, मग पट्टा आवळ." डायनॅमो जरा फिरवून ती साखळी ताणावी लागते. डायनॅमोला धरून ठेवणारा पट्टा मी आधी आवळला आणि मग जोर लावून डायनॅमो फिरवला. कोरडा कागद फाटला. ती तिथे होती म्हणून तेल गळत नव्हतं. ती नव्हती म्हणून गळत होतं.

मेहुणीने फक्त कात्री पुढे केली. पहिलं पॅकिंग माझ्याकडून वाकडं कापलं गेलं. दुसरं बसलं. साखळी ताणली, मग पट्टा आवळला. गाडी दूरवर फिरवून आणली आणि खाली पांढरं फडकं अंथरलं.

सकाळी फडकं कोरडं होतं. मला आनंद झाला म्हटलं तर खोटं होईल. मी किती तरी वेळ त्या फडक्याकडे बघत राहिलो.

वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यातून उतरल्या. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी गेला होता. त्याच्याबद्दल विचारायला त्या रांगेत उभ्या राहत. फडकं बघून म्हणाल्या, "गेली का हो?"

"थंडीतच गेली, आजी."

"मग इतके दिवस रडत कोण होतं?"

"मी. गाडीचं तेल गळत होतं."

त्या स्टुलावर बसल्या आणि मुलाबद्दल सांगू लागल्या. मी ऐकत राहिलो.

तुमच्याही घरातलं कोणी गेलं असेल. खुशाल रडा, त्याच्याशी बोला, कोणी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या वतीने उत्तर द्यायला तिसरा माणूस आला, तर त्याचं 'हो' कधी येतं आणि 'नाही' कधी येतं एवढं बघा. आणि वस्तू उघडून आत काय आहे ते स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय त्याला काही देऊ नका.