एकशे सत्तरचं मशीन

आधीच सांगते, गिटार मी बरी वाजवते, लई भारी न्हाई. परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी दीपमालाबाई चाळिशीनंतर गिटार शिकून राह्यली म्हणून आष्टी गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं. हसा म्हणलं. मला एकाच माणसाला ऐकवायचं होतं, अन् त्याचे कान जात चालले होते.

तो माणूस म्हणजे माझा बाप. गावात त्यांना मशीनवाले भिवाआबा म्हणतात. तीस वर्षं त्यांनी गायन पार्टीचं मशीन सांभाळलं. मशीन म्हणजे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, टेबलाएवढा. जयंतीला गाणारे पुढं अन् आबा मागं, भोंग्याखाली स्टूल टाकून. गाणाऱ्यानं सूर लावला की सगळे आबांकडं बघायचे. आबा मान हलवून म्हणायचे, "बराबर." मंग गाणं सुरू. त्याच भोंग्यांनी त्यांचे कान खाल्ले. डावा कधीचाच गेल्ता. उजवा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं संभाजीनगरच्या डॉक्टरनं उन्हाळ्यात सांगितलं.

मला त्यांच्या तोंडून तो शब्द पाहिजे होता. एकदाच, माझ्या वाजवण्याला.

"तुझ्या त्या गिटारच्या डबड्या स्पीकरातून मला नुसतं कुचकुच ऐकू येतं," आबा म्हणाले. "व्हॉल्व्हचा आवाज छातीत येतो. मशीन बनव, मंग ऐकतो."

जालन्याला मस्तगडात मुकुंदकाकांचं रेडिओचं जुनं दुकान आहे. त्यांनी बिस्किटाचा एक डबा माझ्यापुढं सरकवला. आत जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचे व्हॉल्व्ह, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"हे कोणी हुंगत पण न्हाई, बाई," काका म्हणाले. "यांच्या पोटातला दिवा सोळा व्होल्टवर पेटतो. तसला ट्रान्सफॉर्मर बाजारात भेटत न्हाई. चहा पाजा अन् घेऊन जा."

मी दोन उचलले. एकेका काचेत दोन खोल्या असतात. लहान खोली गिटारचा बारीक आवाज उचलते, मोठी त्याला स्पीकरपर्यंत ढकलते. काचेच्या अशा दोन नळ्यांत पुरं मशीन बसतं. आबांनी त्याचा नकाशा फरशीवर खडूनं काढला, कुठंही न अडखळता. चार दिवस मी तेवढी फरशी पुसू दिली न्हाई.

"बाजारात भेटत न्हाई तर हातचा गुंडाळू," आबा म्हणाले अन् माळ्यावरून लाकडी दांड्याचं वाइंडिंगचं यंत्र काढलं.

ते रविवार मला अजून झोपेत दिसतात. दारातून उन्हाचा पट्टा आत यायचा. आबा दांडा फिरवायचे, तांब्याची तार त्या उन्हातून सरसर जायची, अन् मी वेढे मोजायची. शंभर झाले की ताटलीत एक चिंचोका. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव... मोजता मोजता डोळे जड व्हायचे, दुपार हलायची न्हाई, अन् वाटायचं हे कधी संपूच नये. मी आकडे म्हणायची तेव्हा आबा माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे. मला वाटायचं, लेकीचं कौतुक. येडी मी.

दिवाळीच्या आदल्या रविवारी, दिवेलागणीला, मशीन तयार झालं. गिटारची वायर लावली अन् बटण दाबलं. काचेत नारिंगी ठिणगी उमलली. इतकी सुंदर, की मी श्वास रोखून बघत राह्यले. पण ती नारिंगीवर थांबली न्हाई. पिवळी झाली, पांढरी व्हायला लागली. आबांनी झडप घालून प्लग उपसला.

मी मीटर लावला. भिंतीतून दोनशे छत्तीस येत होते.

"आबा, ट्रान्सफॉर्मर कितीच्या लाइनीवर गुंडाळला?"

"एकशे सत्तर," आबा म्हणाले. "आपल्याकडं दुसरं येतंच काय?"

डोक्याला हात लावला मी. त्यांचंही बराबरच होतं म्हणा. त्यांच्या उभ्या हयातीत संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की गावातले दिवे मिणमिणायचे. आबांचं प्रत्येक मशीन त्या मरतुकड्या करंटावर बेतलेलं. पण मोटारींची लाइन वेगळी होऊन चार वर्षं झाल्ती. घरात आता पुरे व्होल्ट येतात. आबांच्या हाताला ते कोणी सांगितलं न्हाई. अन् विज्ञानाच्या बाईनं तरी कुठं मोजलं?

माझा राग म्हणजे नाकाच्या शेंड्यावर. "एकदा मीटर लावायला काय झाल्तं? सहा रविवार गेले मातीत! तुमचे कान चाललेत, आबा, आता कधी ऐकणार तुम्ही?" असं काहीबाही ओरडले. शेजारच्या तुळजाबाई भिंतीवरून डोकावल्या.

आबा म्हणाले, "हळू बोल, माय. इतकं जल्दी बोललीस की ओठ वाचता येत न्हाईत."

मी एकेक शब्द सुटा करून विचारलं, "उजवा कधी गेला?"

"पोळ्याला."

म्हणजे पहिला वेढा घालायच्या आधीच. "मंग हे सगळं कशाला गुंडाळलं?"

"तू मोजायला बसायचीस ना," आबा म्हणाले.

मला रडूच फुटलं. आबांनी तिकडं बघितलं न्हाई. त्यांनी कोपऱ्यातून रिपेरीचा जुना बोर्ड आणला, त्यात शंभरचा बल्ब बसवला अन् मशीनची लाइन त्या बल्बातून फिरवली. "जास्तीचा करंट हा खाईन," म्हणाले. बटण दाबलं. बल्ब मंद तांबडा झाला, अन् नळ्या नारिंगीवर येऊन थांबल्या. अंधारत चाललेल्या खोलीत तीन निखारे.

आता वाजवून काय उपयोग, असं मनात होतं. तरी तार छेडली. आवाज खरंच छातीत आला, उबदार, जरा खरखरीत. मी आबांकडं बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. काहीच न्हाई. पण दुसऱ्यांदा छेडली तशी त्यांची नजर हलली. तार वाजली की मशीन जास्त करंट ओढायचं, अन् बल्ब भक्कन उजळायचा. तार विझली की बल्बही परत मंद व्हायचा.

आबांनी स्टूल ओढलं अन् बल्बासमोर बसले.

मी त्यांच्या पार्टीचं जुनं गाणं धरलं. प्रत्येक ठोक्याला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर यायचा अन् जायचा. त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं. ओठ हलायला लागले, आवाज न करता, शब्द न् शब्द. मी डोळे मिटले. आता म्हणतील, आता म्हणतील.

"थांब," आबा म्हणाले.

मी डोळे उघडले.

"अंतऱ्यात एक मात्रा खाल्लीस." त्यांनी बल्बाकडं बोट केलं. "परत घे."

खरंच खाल्ली होती. मी पदरानं नाक पुसलं अन् परत घेतलं.