कापायचा राहिलेला दोर

‘‘सर, हा दोर तुमच्यापेक्षा म्हातारा आहे का हो?’’

मित्रांनो, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा स्वतःचा नव्हताच. नाश्त्याच्या वेळी मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘‘विचारून दाखव, तर तू खरी!’’ आणि आमची खार पैजेला नाही म्हणते होय! खार हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कड्यावर सरसर चढते म्हणून पोरींनी ठेवलेलं. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हणणारी ही मुलगी. यंदा कडा चढायला शिकली आणि तिची जीभ तिच्याही आधी माथ्यावर पोचायला लागली. तिने विचारलं. पोरी खिदळल्या. सर हसले नाहीत. मीही हसलो नाही. कारण तो म्हातारा दोर मीच, आणि मी तेव्हा संतापाने नुसता धुमसत होतो.

का, ते ऐका.

मी एका कारखान्यात विणला गेलो. लांबी पन्नास मीटर, जाडी करंगळीएवढी. आत पांढऱ्या पिळांचा गाभा, वर निळी साल आणि तिच्यावर नारिंगी ठिपके. सगळं बळ गाभ्यात. साल म्हणजे नुसता अंगरखा. मग मी या निवासी शाळेत आलो. इथे शनिवार-रविवारी कोणी खोलीत लोळत पडत नाही. शनिवारी तळ्यावर होड्या नाहीतर रानातली पायपीट, आणि रविवारी सकाळी शाळेमागचा कडा. म्हणजे मी! माझं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, मधला भाग माथ्यावरच्या कडीतून ओवलेला, दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्याच्या हातात. पाय सुटला की पोर ‘आई गं!’ म्हणत हवेत लोंबकळायचं. मी धरलेलं असायचं. एकदाही सोडलं नाही. एकदाही!

तेव्हा कडा शिकवायला ताई होत्या. त्यांचा कायदा होता. दोरावर पाय पडला, की ज्याचा पडला त्याने अख्खा दोर हातातून काढायचा, बोटाबोटाने चाचपत. ‘‘पायाखालची बारीक खडी सालीतून आत जाते आणि गाभा कापते,’’ त्या म्हणायच्या. ‘‘डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.’’ आणि थकलेला दोर त्याच दिवशी कापायचा, कारण अख्खा ठेवला तर कोणीतरी वापरतंच. हे सगळं त्यांनी दोरांच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलं होतं, ते अजून तिथे आहे. शाळा सोडून जाताना त्यांनी मला खुंटीवर अडकवलं आणि थोपटून म्हणाल्या, ‘‘हे वर्ष, बस. मग तुझे तुकडे.’’

ते वर्ष संपलं. त्यावर आणखी दोन गेली. माझे तुकडे करायची कोणाला आठवण झाली नाही.

नवे सर आले. माणूस वाईट नाही, पण ‘चालतं रे’ हे त्यांचं पालुपद. दोन शनिवारांपूर्वी तळ्यावरून परतताना शाळेची गाडी चिखलात रुतली. सर म्हणाले, ‘‘अरे, दोर आहे ना!’’ आणि मला गाडीला बांधून दुसरं टोक ट्रॅक्टरला जोडलं. मी पोरं झेलण्यासाठी विणलेला, आणि मला गाडी ओढायला जुंपलं! एका जागी आतून काहीतरी तटातट तुटलं. साल मात्र जशीच्या तशी. गाडी निघाली, पोरांनी टाळ्या पिटल्या. खारीनेही. सरांनी माझा चिखल धुतला, मला गुंडाळलं आणि पुन्हा खुंटीला टांगलं. त्यानंतर पावसामुळे कड्यावर कोणी चढलंच नाही. बोंब मारली असती, पण दोराला कुठला घसा!

आणि आज पालकभेटीचा रविवार. कड्याखाली खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या रांगेत खारीचे आईबाबा, मोबाइल सरसावून. सगळ्यांत आधी खार चढणार होती. माझ्या भरवशावर.

पैजेचा प्रश्न विचारून ती ऐटीत मागे वळली आणि तिचा पाय थेट माझ्यावरच पडला.

‘‘घ्या!’’ सर म्हणाले. ‘‘जीभ आभाळात आणि पाय दोरावर. काढ आता हातातून.’’

‘‘आत्ता? सगळ्यांसमोर?’’

‘‘ताईंचा कायदा म्हणजे कायदा. पण आटप.’’

ती बसली. मला हातातून सोडू लागली. मागून पोरी ओरडल्या, ‘‘खारूताई, स्वेटर विणतेयस का गं?’’ तीही हसत होती. माझ्या मधोमध असलेली काळी खूण गेली, आणखी थोडं पुढे सरकली आणि तिची बोटं थबकली. धडधाकट दोर दुमडला की गोल वळतो. तिथे मी कागदासारखा मिटलो.

तिचं हसू मावळलं.

‘‘सर, इथे आत काहीच नाहीये.’’

‘‘बघू. जरासा मऊ पडलाय, झालं. चालतं गं.’’

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. याच्यावर कोणी पैज लावली नव्हती.

‘‘सर, त्या दिवशी गाडी याच दोराने ओढली होती ना?’’

सरांनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘हळू बोल, पालक बसलेत. आजचा दिवस निघू दे. उद्या नवा मागवतो.’’

आजचा दिवस! तुटणारा दोर पाहुणे जाईपर्यंत दम धरतो का, मित्रांनो? आणि तुटलो असतो तर आळ कोणावर आला असता? ‘दोराने दगा दिला’ म्हणाले असते! इतकी वर्षं पोरं झेलली, आणि शेवटी माझ्या कपाळी हे! गोष्टींतल्या जुन्या छत्र्या आणि खुर्च्या ‘आम्हाला जपा हो’ म्हणून गळा काढतात. मी काढणार नाही. मला जपू नका. माझं काम संपलं की मला कापा. जपायचं ते माझ्या टोकाला बांधलेल्या पोराला!

सरांनी मला उचलायला हात घातला. तर खार चक्क माझ्यावर मांडी ठोकून बसली. जिथे नुसता पाय पडला तरी शिक्षा, तिथे! कान लालबुंद, नाकपुड्या फुललेल्या. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्यावर बसलं आणि मला बरं वाटलं.

‘‘अगं, कपडे बघ केवढे मळले!’’ तिची आई खुर्चीतून अर्धवट उठली.

‘‘घाबरलीस का, बाळा?’’ बाबांनी मोबाइल खाली केला.

‘‘नाही,’’ ती म्हणाली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ‘‘आई, बाबा, मी आज चढणार नाही. दुसरं कोणीही चढणार नाही. गाडी निघाली तेव्हा मीपण टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणून आता मीच सांगतेय. स्वयंपाकघरातून मोठी कात्री आणा. हा दोर कापल्याशिवाय मी इथून हलायची नाही.’’