गुलाबी झेंडीवाला भाऊबंद

पाहुणे, आधी मला एक सांगा. तुमचा विश्वास कोणावर? जो आपला माल स्वतः उघडून दाखवतो त्याच्यावर, की ज्याच्या दारावर दुसऱ्याने पाटी लावली आहे त्याच्यावर? उत्तराची घाई नाही. बसा त्या दगडावर. फक्त उजवीकडच्या झुडपाला हात लावू नका, आठ दिवस खाजवत बसाल.

मी माकडफूल बोलतोय. कॅलिफोर्नियातल्या या उतारावर, टॉलिव्हरांच्या कुरणात, झऱ्याकाठी आमची पिढीजात वस्ती. रंग पिवळा, गळ्यावर तांबडे ठिपके, आणि तोंड असं की बघणाऱ्याला माकड आठवावं.

माझा व्यवहार मधमाश्यांशी. माझ्या गळ्यात दोन इवले ओठ आहेत. माशी त्यांना घासली की ते मिटतात. पराग पोचले तर मिटलेलेच राहतात, आणि ती नुसतीच डोकावून गेली असेल तर थोड्या वेळाने उघडतात. थापेवर मी दुकान बंद करत नाही.

आमच्या घराण्याची एक खोड आहे, जागा बघून अंग धरायचं. पाण्यात पाय असले तर माणसाच्या कमरेला लागतो. कोरड्या फटीत पडलो तर बोटभर उंचीवरच फुलून मोकळे होतो. म्हातारा टॉलिव्हर गुरं हाकायला आला की माझी आंबटसर पानं पावात मांसाबरोबर घालून खायचा. म्हणायचा, बायको मीठ विसरली तरी हा विसरत नाही. तो गेला. आता त्याची बायको वर्ना गुडघा चोळत येते आणि इथेच टेकते.

तर भाऊबंद. तीनशे पावलांवर जुन्या तांब्याच्या खाणीतून उपसलेल्या मातीचा ढीग आहे. तिथे गवतही धड उगवत नाही, आणि तिथेच हा राहतो. बोटभर उंची, तीन-चार फुलं. शिकलेल्या लोकांनी ठरवलं की हा आमच्यातला नाही, वेगळा आहे, दुर्मीळ आहे. त्याला स्वतंत्र नाव मिळालं. दर वसंतात मारिसेला ओचोआ नावाची बाई भिंग घेऊन त्याच्यापुढे पोटावर आडवी होते, एकेक रोप मोजते आणि प्रत्येकाशेजारी तारेची गुलाबी झेंडी खोचते. माझ्या अंगावर तिने जेवणाचा डबा ठेवला होता.

खोटं कशाला बोलू, मी जळलो. त्याच्याकडे जाणाऱ्या माशीचासुद्धा मला राग यायचा.

यंदा पाऊस कमी झाला. झऱ्याच्या वरच्या काठाची माझी लेकरं कोरड्यात पडली आणि बोटभरच राहिली. मारिसेला आली, वाकली, आणि त्यांनाही झेंड्या लावत सुटली. चाळीस झेंड्या. ही माझी, अशी ओळख मी दिली नाही. पाण्यात उभा राहून छाती फुगवून बघत होतो.

त्या झेंड्यांवर काय अवलंबून होतं ते वर्नाच्या बोलण्यातून कळलं. निम्मं कुरण तिच्या भावाचं, ओडेलचं. त्याला हा झरा सिमेंटच्या पेटीत कोंडून पाणी नळाने गुरांच्या टाकीत न्यायचं आहे. पण दुर्मीळ रोपं पन्नास भरली तर मारिसेलाची रोपं जपणारी संस्था झऱ्यासकट सगळ्याला कुंपण घालून देणार होती, आणि तेवढ्यावर ओडेल राजी होता.

तीन आठवड्यांनी मारिसेला कुंडी घेऊन आली. वरच्या काठाचं एक रोप तिने घरी नेऊन पाण्यात ठेवलं होतं. ते हातभर वाढलं होतं. खाणीवरचा कितीही पाणी पाजा, बोटभरच राहतो.

"चूक माझी," ती म्हणाली. "ही चाळीस साधी निघाली. खरी चौतीसच."

"कुंडी परत घरी ने," वर्ना म्हणाली. "ओडेल काय तुझ्या घरी येऊन बघणार आहे?"

"टॉलिव्हरबाई, पुढच्या वर्षी पाऊस झाला की ही तुमच्या कमरेला लागतील. तेव्हा मी काय सांगू, उपटून टाकू?"

मारिसेलाने खोडून चौतीस लिहिलं आणि चाळीस झेंड्या एकेक करून उपटल्या. प्रत्येक उपटताना मला लागलं. पण खरं सांगतो, त्या लागण्यात थोडी सुटकाही होती. वाचलो असतो, पण त्याच्या नावावर. जन्मभर त्याचा उपकार.

"आणि झऱ्यावरची ही सगळी?" वर्नाने विचारलं.

"साधी आम्ही मोजत नाही."

"तुम्ही नका मोजू. मी मोजते. ओडेलला म्हणावं, पेटी बसवायच्या आधी किती जणांचं पाणी तोडतोस तो आकडा ऐक."

जाताना मारिसेलाने आपली पेन्सिल मागे ठेवली.

आज सकाळी वर्ना पाकिटाच्या पाठीवर रेघा मारत दोनशे सहापर्यंत आली. मग गुडघ्याने दगा दिला. उद्या ओडेल नळ घेऊन येतो आहे. तो आकडा ऐकून थांबेल की हसेल, मला माहीत नाही.

पाकीट तिथे दगडाखाली आहे, पेन्सिलही. दोनशे सहाच्या पुढे तुम्ही मोजा. सुकलेला असेल तर सुकलेला लिहा, एकाचे दोन करू नका. आणि एवढं सांभाळा, त्याचे चौतीस त्याच्याकडेच राहू द्या. माझा एक जरी त्याच्या खात्यात गेला, तर नळ येवो न येवो, मला खपणार नाही.